सुपभर कोंडा

गंगुबाईच्या दारापुढच्या उकिरड्यावर कलावतीनं पोर ठेवली, चार पावलं मागं सरली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"काकी, ये गो. कोनी तरी पोर टाकलीय. घे इकत."

गंगुबाई ओट्यावर बसून वाळवणातले बोंबील उलटवत होती. तिनं मान वर केली.

"आगो, ही तर माजीच पोर. शिमग्यात सुपभर कोंडा मोजला नाय तुला? एकच माल दोनदा घेतं का कोन?"

कोलशेतात ज्या बाईची पोरं जगत नसत, ती नवं मूल असं उकिरड्यावर टाकी आणि गंगुबाई ते कोंडा देऊन विकत घेई. मग मूल गंगुबाईचं. आई नुसती पाजणारी. दुसऱ्याच्या उकिरड्यावरचा माल सटवी उचलत नाही, असा गावाचा भरवसा. अर्धं गाव म्हातारीनं असंच खरेदी केलेलं. मिशा पांढऱ्या झालेले बापये तिला पाहून चिलीम पाठीमागं लपवत. लोक तर सांगत, सटवी एकदा चुकून पोर न्यायला आली आणि गंगुबाईच्या तोंडची एक शिवी ऐकून जी पळाली ती थेट खाडीपलीकडं. पळताना तिची एक वहाण चिखलात रुतली. मोठ्या भरतीला ती अजून वर येते. पाहिलेली माणसं गावात होती. नुसतं विचारायचा अवकाश.

कलावतीची आधीची दोन गेलेली. म्हणून ह्या खेपेला तिनं काही म्हणता काही चुकवलं नव्हतं. बारसं नाही, नाव नुसतं कोंडी. अंगात पाच घरच्या चिंध्यांचं झबलं. अंगाई म्हणायची ती तोंड मिटून, आणि कुणी पाहिलंच तर खोकला काढायचा. दोन वेळचा भात, आंबट कालवण आणि मांडीवर दुसऱ्याची पोर, यापरतं काही मागायचं नाही, हे ती शिकली होती. शिकता शिकता तिला ते गोडही लागायला लागलं होतं. तिचा नवरा महिपत तर इतका तयार झालेला, की पोर रडली की मिठागराच्या बांधावरून ओरडून विचारी, "गंगुबाईची पोर का रडते गो?" आणि स्वतःच हसे.

"मग आता परत कशाला टाकलीस?" गंगुबाईनं विचारलं.

कलावतीनं आजूबाजूला पाहिलं. "काल सकाळी पिता पिता थांबली. माज्याकडं बघून हसली. माज्या तोंडातनं निसटलं."

"काय निसटलं?"

"माजी बाय ती, असं बोलले."

"मोठ्यानं?"

"कोंबड्यांनी आयकलं. मग रातपासून ओकते. अंग चटकतंय. आता पीत पन नाय."

गंगुबाई उठली. "कोंबड्यांचं काय घेऊन बसलीस, त्यांच्या पोटात काय रहात नाय," असं बोलत ती उकिरड्यापाशी आली. खाली वाकली. पोरीच्या टाळूवर तिनं बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहिलं. टाळू खोल गेली होती. मग तिनं पोरीचा तळपाय चिमटीत धरून दाबला. पाय मागं गेला नाही.

किती पोरं तिनं जगवली, ते गाव सांगे. किती गेली, ते तिचं तिला ठाऊक होतं.

ती आत गेली आणि सूप भरून घेऊन आली. कोंडा कलावतीच्या पदरात ओतला. थोडा भुईवर सांडला.

"कोनाची पोर?" तिनं रीतीप्रमाणं विचारलं.

"तुजी, काकी."

गंगुबाईनं पोर उचलली, उराशी धरली. कलावती तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता ताप उतरेल ना गो?"

म्हातारीनं कलावतीला हाताला धरून ओट्याच्या कडेला बसवलं, पोर तिच्या मांडीवर दिली आणि झबल्याचं टोक नीट केलं.

"कलावती, आता म्हन."

"काय म्हनू?"

"माजी म्हन. पोटभर म्हन. आता कोनाला भ्यायचं नाय."

कलावतीला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं घाईघाईनं पोरीचा कान तळहातानं झाकला.

"असं बोलू नको, काकी," ती अगदी हळू म्हणाली. "तिला आयकू जाईल. पोर तुजी हाय. मी नुसती पाजायला बसले."

कोंड्याचा पदर कमरेला खोचून तिनं पोरीला छातीशी लावलं. दूध तोंडाच्या कडेनं खाली आलं. तिनं ते पुसलं आणि पुन्हा लावलं.

उन्हं उतरली होती. मीठ ओढून कामकरी बांधावरून परतत होते. महिपत सगळ्यांच्या पुढं होता. ओट्यावर दोघींना बसलेलं पाहून त्यानं लांबूनच हाळी दिली, "आज गंगुबाईची पोर गप कशी गो?"



सांडलेल्या कोंड्याभोवती कोंबड्या जमायला लागल्या. दिलेलं मोल कोंबड्यांनी खाल्ला तर खरेदी राहते की मोडते, हे कुणी कधी ठरवलेलं नव्हतं. कलावतीनं कोंड्याचा पदर कमरेला आणखी घट्ट खोचला. एक हात पोरीच्या कानावर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं ती कोंबड्या हाकत राहिली.