समझोता

अमेरिकेने चीनचा माल घेणं बंद केलं, तेव्हा चीनला मिळणारी एक मोठी ऑर्डर अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत आली आणि तिथल्या नव्या प्लांटवर अनीशला नोकरी लागली. पण अमेरिका-चीनच्या त्याच भांडणापायी घरी बाबांची झोप उडाली होती. अनीशची धाकटी बहीण राजसी तैवानला नोकरीला होती, आणि लढाई पेटली तर पहिली झळ तिलाच बसणार होती.

काल संध्याकाळी मॅनेजरने अनीशला केबिनमध्ये बोलावलं.

"अमेरिका-चीनचा समझोता झाला, अनीश. ऑर्डर परत चीनला गेली. प्लांट बंद करतोय आपण. उद्यापासून येऊ नकोस."

तो बेलवलीला घरी पोचला, तेव्हा बाबा राजसीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. कित्येक महिन्यांनी ते मोकळेपणाने हसत होते. अनीश दारात दिसताच त्यांनी फोन त्याच्या हातात दिला.

"दादा, बातम्या बघितल्यास ना? आता काही लढाई होत नाही," राजसी म्हणाली. "गेलं ना तुझं टेन्शन?"

अनीशने खांद्यावरची डब्याची पिशवी काढून खुंटीला अडकवली.



"हो गं," तो म्हणाला. "गेलं."