अठरा हसरे फोटो

शाळेच्या बाई अठरा मुलांना घेऊन स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, "प्रत्येकाचा हसरा फोटो काढा. दात नीट दिसू देत."

पहिलीच मुलगी हसली आणि फोटोग्राफरने नाक मुरडलं. दातांवर तपकिरी पट्टे, मध्येमध्ये खड्डे. पुढच्या सतराजणांचेही तसेच.

"यांच्या घरी ब्रश नावाची वस्तू पोचलेली दिसत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "की शाळेतच आंघोळ, दात वगैरे शिकवत नाहीत?"

"मुलांसमोर नको," बाई एवढंच म्हणाल्या.

असली थोबाडं आपल्या स्टुडिओतून बाहेर पडली तर अब्रूच जायची, म्हणून त्याने दुपारभर बसून कॉम्प्युटरवर सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र केले. संध्याकाळी पाकीट बाईंपुढे टाकत तो ऐटीत म्हणाला, "घ्या. आणली तुमची पोरं माणसांत!"

बाईंनी एकेक फोटो पाहिला. "मूळ फोटो आहेत?"

"ती घाण कशाला ठेवू? पुसून टाकली."

"दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड हे डाग पाडतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "कितीही घासले तरी जात नाहीत. ही मुलं जिचं पाणी पितात ती गावातली बोअरवेल बंद करा म्हणून तीन वर्षं कचेरीत खेटे घालतेय. साहेब म्हणतात, पुरावा दाखवा."

त्यांनी पाकीट त्याच्याकडे परत सरकवलं.

"पुरावा द्यायला त्यांनी उद्या सकाळची शेवटची मुदत दिलीय."