जुने की नवे

"हे नवे," विमलताई म्हणाल्या.

नयनने मान डोलावली आणि पुन्हा बटण फिरवलं. तीच गवळण आता दुसऱ्या जोडीतून वाजू लागली.

"आता जुने."

पुन्हा बरोबर. "मामी, काय कान हायेत तुमचे!" नयन म्हणाला. उमरखेडला त्याचं स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरचं दुकान होतं. मामांची घालमेल एकदाची संपावी म्हणून तो नवी जोडी गाडीत टाकून महागावला आला होता. ऐकून बघा, पटली तर ठेवा.

मामा म्हणजे विठ्ठलराव. त्यांचे जुने स्पीकर लाकडी, चांगले कमरेइतके उंच. लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ते नागपूरहून आणले होते, गोधडीत गुंडाळून, एसटीच्या टपावर. हल्ली मात्र ढोलकीची थाप पडली की ते घरघरत. आतल्या पडद्याच्या कडा झिजल्या होत्या. बदलावेत, असं विठ्ठलरावांना रोज सकाळी वाटे आणि संध्याकाळपर्यंत वाटेनासं होई. कारण विमलताई.

"कायची घरघर? गोड आवाज हाये," त्या दर वेळी म्हणत. "तुमचेच कान म्हातारे झाले."

विमलताईंच्या कानाला आव्हान द्यायची गावात कोणाची छाती नव्हती. बायकांच्या भजनी मंडळात मागच्या रांगेतल्या एकीचा सूर जरा ढळला तरी त्या टाळ थांबवायच्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मंडळ सोडलं होतं, पण दरारा कायम होता. शेवटी विठ्ठलरावांना स्वतःच्याच कानांची शंका येऊ लागली होती. म्हणून ही परीक्षा.

विमलताईंनी खुर्ची स्पीकरकडे पाठ करून, पण बरोबर नवऱ्याच्या समोर मांडली होती. "मले भिंत पाहत नाही बसायचं," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि त्या एकदाही चुकत नव्हत्या.

"मंग मामी, कोणते ठेवायचे?" नयनने समोर येत विचारलं.

"जुनेच. या वयात कायले नवी सवत आणता घरात?"

नयन हसला. विठ्ठलरावांना मात्र खोडी सुचली. बायको जिंकून जिंकून फारच ऐटीत आली होती. बायकोची नजर चुकवून त्यांनी नयनला डोळ्यांनी खुणावलं. नयनने मागे जाऊन हळूच आवाज बंद केला.

खोलीत आता काहीच वाजत नव्हतं. विठ्ठलरावांनी डोळे अर्धे मिटले, मांडीवर ताल धरला आणि झकास मान डोलावली.

विमलताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"नवे," त्या म्हणाल्या. "चांगले वाजून राह्यले, पण जुन्याची गोडी नाही त्याइले."

नयन खो खो हसला. मग मामांचा चेहरा पाहून एकदम थांबला.

विठ्ठलरावांचा हात मांडीवर तसाच राहिला होता. परवा कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊन वरण करपलं होतं. आणि गुडघे दुखणारी ही बाई रोज बाजारापर्यंत तरातरा चालत जात होती. विठ्ठलरावांचा स्वतःचा आवाज शेतातून हाळी दिल्यासारखा. घरात बोलताना कधी काही जाणवलंच नव्हतं. आणि नवे वाजले की आपली मान डोलते, हे तिने समोर बसून हेरलं होतं.

ते उठले. खुर्चीजवळ जाऊन खाली बसले.

"विमल, काहीच वाजून नाही राह्यलं."

विमलताईंची नजर त्यांच्या ओठांवर होती. त्यांनी नयनकडे पाहिलं, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कधीपासून?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"झालं असंल वर्ष-दीड वर्ष. आधी बासरी गेली. मंग हळूहळू सारंच."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुम्ही गाणं लावणंच सोडलं असतं."

विठ्ठलरावांनी नयनला नवी जोडी परत न्यायला सांगितली. ज्या आवाजाला ही गोड म्हणते, तोच घरात राहू दे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्या आठवड्यात दोघं यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या, आणखी एक खेप झाली, आणि विमलताई दोन्ही कानांना मशीन लावून घरी परतल्या.

पहिला तास त्यांनी घरभर नुसतं ऐकलं. पंखा ऐकला, नळ ऐकला, खिडकीतल्या चिमण्या ऐकल्या. मग विठ्ठलराव चहा प्यायला बसले, तशा त्या दचकल्याच.

"अहो, तुम्ही असे फुरके मारून पेता? देवा, किती सुखात होती मी!"

विठ्ठलरावांना इतकं हसू आलं की बशीतला चहा सांडला. ते उठले आणि त्यांनी तीच गवळण लावली. विमलताईंनी या वेळी डोळे मिटून घेतले. आता विठ्ठलरावच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसले. बासरी आली. विमलताईंच्या पापण्या ओल्या झाल्या. ओठ हलले, कडवं पुटपुटू लागले. विठ्ठलरावांनी हळूच नाक पुसलं. मग ढोलकी सुरू झाली, आणि विमलताईंच्या कपाळावर आठी पडली. पुढच्या थापेला दुसरी.

त्यांनी डोळे उघडले. "हे असंच वाजते?"

"असंच. तूच तर म्हणत होती, जुन्याचा आवाज गोड हाये."

"मी तुमचं खुललेलं तोंड पाहून म्हणत होती," विमलताई म्हणाल्या. "आवाज आज ऐकला. लावा नयनले फोन!"