खिळ्यांत नसलेली ओळ

आमच्या शहरातल्या महाराज बाडा चौकातल्या प्रदर्शनात मी आणि माझ्या नवऱ्यानं, राघवनं, लाकडी छापखाना मांडला होता. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा तिथली वर्तमानपत्रं अशीच छापली जात आणि लोकांची मनं फिरवत, एवढंच दाखवायचं होतं.

मी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून एकच ओळ बसवली: 'चहावर कर नको.' राघवनं दांडा ओढला. ओल्या कागदावर दोन ओळी उमटल्या. दुसरी होती: 'राघव इंग्रजांचा खबऱ्या आहे.'

"सीमंतिनी, ये किसने बसवलं?" तो हसत म्हणाला.

खिळ्यांत ती ओळ नव्हतीच. मी सगळे खिळे काढून घेतले, तरी पुढच्या कागदावर ती एकटी उमटली.

लोक कागद हातोहात नेत होते, फोटो काढून पुढे पाठवत होते. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण कोणी हसलं नाही.

राघवची सख्खी बहीण उन्नती हळूच म्हणाली, "मला तर पहले से शक होता."

राघवचं हसू मावळलं. "तू तरी ओळखतेस ना मला?"

'हो' माझ्या ओठांवरच होतं. पण आधी मी पुढचा कागद वाचून घेतला.