पडीक शेतातला राळा

पाठ्यवृत्तीच्या निवड समितीसमोर केतकी दडस बसते न बसते तोच टेबलावरच्या यंत्राने तिचा प्रबंध लिहून संपवला. वाढत्या उन्हात राळ्याचं पीक, चार वर्षांची निरीक्षणं, निष्कर्ष, सगळं तयार.

"अभिनंदन, डॉक्टर!" तिचे मार्गदर्शक वाळिंबे सर हसले. "सही कर आणि पदवी घेऊन घरी जा."

"आणि पाठ्यवृत्ती? मला चार वर्षं शेतात काढायची होती."

"आता शेतात कोण जातं? पेरणीसुद्धा यंत्रातच होते. दुसऱ्याच वर्षी तुझा राळा करपला, असं प्रबंधात आलंय."

"करपला कसा? मी अजून पेरलाच नाही!"

"सही नाही केलीस तर पदवीही नाही आणि पैसाही नाही."

"राहू दे मग."

खिडकीखालचं प्रयोगाचं शेत कित्येक वर्षं पडीक होतं. केतकीने खाली जाऊन चपला बांधावर काढल्या, काठीने रेघा ओढल्या आणि पिशवीतला राळा ती मुठीने पेरायला लागली.

"अगं, बी फार खोल चाललंय!" वरून सर ओरडले. "उगवायचं नाही ते!"

"यंत्राने सांगितलं?"



"नाही," सर म्हणाले, आणि बाह्या दुमडत खिडकीतून दिसेनासे झाले. जिन्यावर बूट वाजू लागले.