निरोगी माणसाचा नमुना

"आता खाली बसा, मावशी," रोशनी म्हणाली.

अंगभर चमकत्या गोळ्या चिकटवलेल्या हंसामावशी टाचा न उचलता उकिडव्या बसल्या आणि कशालाही हात न लावता उठल्या. गोळ्यांच्या हालचालीवरून आठ कॅमेऱ्यांनी ते टिपलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : तीव्र दोष.

"लग्नात पन एवढी नटली नव्हती मी," मावशी म्हणाल्या. "पास ना, बाय?"

रोशनीने लाल अक्षरं पुन्हा वाचली. विद्यापीठाच्या विरारमधल्या या शरीररचना आणि हालचालशास्त्र केंद्रात ती तंत्रज्ञ होती, मावशी झाडलोट करायच्या. नव्या नियमाप्रमाणे यंत्राने निरोगी ठरवलेली माणसंच कामावर राहणार होती, आणि मावशींचा दाखला आजच द्यायचा होता. सत्तावन्नाव्या वर्षीही खाडीकाठच्या शेतात भात लावणाऱ्या बाईत एवढा दोष आला कुठून?

यंत्र कोणाशी तुलना करतं, ते तिने उघडून पाहिलं. 'निरोगी प्रौढांचा प्रमाण नमुना' या फाइलीत बारा नावं होती. पहिलं संचालक सुधाकर सरांचं, उरलेली विभागातल्या प्राध्यापकांची. उद्घाटनाच्या घाईत निरोगी माणसं शोधत अर्नाळ्याच्या शेतांपर्यंत कोण जाणार? मंडळी खुर्चीतून उठली ती थेट कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. बारापैकी एकालाही उकिडवं बसता आलं नव्हतं. तेव्हापासून उकिडवं बसता न येणं हे शास्त्राने आरोग्याचं लक्षण मानलं होतं.

ती सरांकडे गेली. सरांनी कमरेचा पट्टा सैल करत सगळं ऐकून घेतलं.

"नमुना बदलता येणार नाही. त्यावर माझे तीन शोधनिबंध आहेत."

"पण सर, मावशी ठणठणीत आहेत."

"असं तू म्हणतेस. यंत्र म्हणत नाही."

सर दयाळू होते. कोणाच्या पोटावर पाय देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "सहा महिन्यांची सवलत देऊ. झाडू काढून घ्या, फोनपाशी खुर्चीत बसवा. मग पुन्हा मोजू. सुधारतील."

मावशींनी रोशनीकडून निर्णय दोनदा वदवून घेतला. "नुसतं बसायचं? आनि पगार तोच?"

"तोच."

"मंग शिकलेली मान्सं सांगतात ते खरंच असनार."

मावशी बसल्या. दहा ते सहा, नेमाने. पावसाळा आला तेव्हा भातलावणीला त्यांनी दोन बायका लावल्या आणि स्वतः बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकली.

फेरचाचणीत त्या अर्ध्यावरच अडकल्या आणि गुडघा धरून "आय गं" म्हणाल्या. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : दोष नाही. रोशनीने त्यांना दोन्ही काखांत हात घालून उभं केलं आणि दाखल्यावर सही केली : निरोगी.