निम्मे शेअर

"हस्तांतराच्या अर्जावरची सही वादीची नाही," असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, तेव्हा बाळाने त्या दिवशी पहिल्यांदाच विनोदकडे पाहिलं.

या एका वाक्यासाठी त्याने अकरा वर्षं रत्नागिरीच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. विनोदचं तोंड कसं उतरतं ते त्याला डोळे भरून बघायचं होतं. पण ते आधीच उतरलेलं होतं. माणूस वाळला होता, शर्ट दुसऱ्या कोणाचा घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. विनोदने नुसती मान हलवली आणि भिंतीला धरत तो बाहेर गेला.

बाळाला म्हणावा तसा आनंद झाला नाही. त्याचा त्याला रागच आला.

भांडण साधं होतं. दोघं राजापूरचे, शाळेत एका बाकावर बसलेले. बाळाचा जहाजावरचा पगार आणि विनोदची मेहनत, यातून काजूचा कारखाना उभा राहिला. पुढे तो प्रायव्हेट लिमिटेड केला आणि निम्मे-निम्मे शेअर घेतले. बाळा वर्षातले नऊ महिने समुद्रावर. कारखाना विनोद बघायचा आणि लाभांश न चुकता बाळाच्या घरी पोचता करायचा. घरचं बाळाची बायको राजश्री बघायची. घरपट्टी असो, मुलीच्या शाळेचे अर्ज असोत की सोसायटीची कामं, बाळा नाही म्हणून कधी काही अडलं नाही. बाई खमकी होती.

मग बाळाचं जहाज चाच्यांच्या तावडीत सापडलं. सात महिन्यांनी सुटून आला तो निम्मा होऊन आला. दार आपटलं तरी भिंतीला चिकटायचा. मात्र एक गोष्ट तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला छाती फुगवून सांगायचा. जहाजवाल्यांनी खंडणी भरली, आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडलं नाही. हे तो सांगायला लागला की राजश्री चहा टाकायला आत जायची.

समुद्र सुटला तो सुटलाच. वर्षभराने बाळा कारखान्यात बसायला गेला, सहज म्हणून रजिस्टर उघडलं, तर त्याचे सगळे शेअर विनोदच्या नावावर! अर्ज पाहिला, तर खाली बाळाची सही. आणि तारीख अशी, की त्या दिवशी बाळा हात बांधलेल्या अवस्थेत डेकवर बसला होता.

आता यात विचारण्यासारखं काय उरलं? तरी त्याने विचारलं. विनोद म्हणाला, झालं ते झालं, लाभांशातला निम्मा वाटा तुला मिळत राहील. चोरीच्या मालातला वाटा बाळाला नको होता. राजश्रीने एकदाच सांगून बघितलं की मित्रावर कोर्टकचेरी नको, गेले शेअर तर जाऊ देत. बाळा तिच्यावर असा कडाडला की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

दावा चालू राहिला आणि कारखाना खंगत गेला. कोर्टाने लाभांश अडकवला, बँकेने हात आखडता घेतला, शंभर बायका कामाला येत होत्या तिथे तीस उरल्या. विनोदचा मुलगा नितेश वैतागून मुंबईला निघून गेला. गणपतीत दोन्ही घरचं जाणंयेणं तुटलं. बाळाला सगळ्यात जास्त लागलं ते हे, पण फिर्याद करणाऱ्यानेच ते कोणाजवळ बोलायचं?

गेल्या मे महिन्यात विनोद आपणहून घरी आला, पडवीत बसला. सगळे शेअर परत करतो म्हणाला, एक रुपया न घेता. बाळाची एकच अट होती, सही खोटी केली हे कबूल कर.

"सही मी नाय केली," विनोद म्हणाला.

"मग कोणी केली?"

विनोदने नजर अंगणातल्या फणसाकडे वळवली. "तुझं तू घे आणि सोड रे बाळा. माझे दिवस थोडे राहिले हायत."

बाळाने त्याला उठवून लावलं. मरणाच्या गोष्टी करून पाझर फोडायला बघतो, असं तेव्हा त्याला वाटलं.

आज निकालानंतर वकिलाने त्याच्या हातात दोन पानी मसुदा ठेवला. खोट्या सहीची फौजदारी तक्रार. उद्या सही करून पोलिसांत द्या, म्हणाला, अटक होईल. एसटीत बसून बाळाने तो तीनदा वाचला. प्रत्येक वेळी विनोदच्या नावापाशी अडखळला.

चारच्या सुमारास तो घरी पोचला. राजश्रीला सगळं सांगितलं, कागद तिच्यापुढे ठेवला. 

"एका शब्दाने कबूल झाला असता, तर मी त्याला सगळं माफ केलं असतं गो," तो म्हणाला. "माझ्या मानेवर सुरी होती तेव्हा माझ्या मित्राने माझं घर लुटलं. हे कसं विसरू मी?"

राजश्रीने दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. मग घडी घातली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"यातलं विनोदभावजींचं नाव खोडा, माझं घाला," ती म्हणाली. "सही मी केली. त्या शेअरच्या बदल्यात तुमची खंडणी त्यांनी भरली. जहाजवाले तेव्हा आमचा फोनसुद्धा उचलत नव्हते."